भरिताचं कडं आणि धुळ्याचा चौक

खानदेशात जाऊन आले म्हटलं की आमच्या कोल्हापुरात लोक एकच विचारतात, "ऊन लई असेल न्हवं?" मी गेले होते जानेवारीत. जळगाव स्टेशनावर सकाळी उतरले तेव्हा माझे दात वाजत होते आणि स्वेटर बॅगेच्या तळाशी होता, कारण निघताना मीही तेच समजून निघाले होते. एकतीस वर्षं हायस्कुलात विज्ञान शिकवलं, समुद्रापासून लांबच्या प्रदेशात दिवसा तापतं नि रात्री गारठतं हे दरवर्षी फळ्यावर लिहिलं आणि स्वतः मात्र सुती साडीत प्लॅटफॉर्मवर कुडकुडत उभी. माझं हे असंच आहे. पाठ असतं सगळं, ऐनवेळी आठवत नाही. या प्रवासात तसं आणखी एकदा व्हायचं होतं आणि त्यात एका माणसाचा ट्रक जवळजवळ हातचा जायचा होता. म्हणून आधीच कबूल करून ठेवते.

गिरणाकाठचा मळा

बोलावणं होतं कल्पनाचं. बी.एड.ला आम्ही दोघी एका खोलीत राहायचो. ती भडगावजवळच्या एका गावात शिक्षिका आहे आणि लग्नकार्यात कधी भेटलो की हटकून म्हणते, "हिवाळ्यात ये, भरीत खाऊ घालते." मी निवृत्त झाले आणि पहिल्याच हिवाळ्यात गेले. जळगावहून पाचोऱ्यावरून एसटीने निघाले. खिडकीतून केळीच्या बागा, हरभरा आणि कापूस वेचून झालेली उघडी शेतं. उपटलेल्या पऱ्हाट्यांचे, म्हणजे कपाशीच्या वाळक्या झाडांचे, बांधावर ढीग लागलेले होते. आमच्याकडे या दिवसांत जिकडे बघावं तिकडे उसाच्या ट्रॉल्या असतात. इथे मोकळं आभाळ भरपूर होतं आणि ते मला आवडलं.

कल्पना तिच्या मोठ्या भावाच्या शेजारी राहते. भावाला सगळा गाव नाना म्हणतो आणि त्यांच्या बायकोला अक्का. नानांचं वय चौसष्ट, डोक्यावर पांढरी टोपी, बोलणं मोजकं. अंगणात त्यांचा जुना ट्रक उभा होता. गावातली केळी बाजाराला पोचवायची आणि येताना जे मिळेल ते आणायचं, हे काम ते तीस-पस्तीस वर्षं स्वतः गाडी चालवून करतात. मी पोचले तेव्हा ते ओल्या फडक्याने गाडीच्या काचा पुसत होते. मला बघून म्हणाले, "या ताई. हाई मन्ही लक्ष्मी." मला आधी वाटलं, मागे उभ्या असलेल्या अक्कांची ओळख करून देताहेत.

दुपार कलल्यावर मळ्यात भरीत होतं. आमच्याकडे भरीत म्हणजे गॅसवर एक वांगं भाजायचं, शेजारी फोडणीची वाटी. इथे दोन टोपल्या भरून वांगी आली. हिरवी, पांढुरक्या रेघांची आणि बाळाच्या डोक्याएवढी. पऱ्हाट्यांचा जाळ केला, त्यात वांगी टाकली. साली जळून काळ्याठिक्कर झाल्यावर बायकांनी त्या सोलल्या आणि पुरुष ती बडगीत, म्हणजे लांबट लाकडी भांड्यात, घालून ठेचायला बसले. पुरुषांना स्वयंपाकात एवढ्या उत्साहाने घाम गाळताना मी कोल्हापुरात फक्त मटणाच्या दिवशी पाहिलं आहे.

नदीकडून वारा सुटला होता, पण जाळ हलत नव्हता. त्याला कारण होतं एक पत्र्याचं कडं. हे कडं मोठं गमतीचं होतं. खालची बाजू चौकोनी आणि वरचं तोंड गोल. चांगलं दोन-अडीच फूट. चार कोपऱ्यांना चार कान आणि प्रत्येक कानाला एकेक भोक. जमिनीवर ठेवून आत जाळ केला की वारा लागत नाही आणि आच वर एकवटते.

"अक्का, ही शेगडी कुठे बनवून घेतली?" मी विचारलं.

"बनाडेल नही ताई, गोठामा पडेल व्हतं. दोन हिवाळा झाले, यामाच भाजस. काडी कमी लागस." मग मला वाढता वाढता म्हणाल्या, "आखो ल्या ना, लाजू नका."

मी मोबाइलवर त्या कड्याचा आतल्या वांग्यांसकट फोटो काढला आणि चार बायकांना बसवून हवेच्या प्रवाहावर पाच मिनिटं बोलले. त्यांनी मान डोलावून ऐकून घेतलं. कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या, भाकरीबरोबर भरीत खाल्लं. तिखट आपल्याला काही नवं नाही, या तोऱ्यात सोबतची हिरवी मिरची अख्खी चावली आणि पुढचा पाऊण तास माझं नाक, डोळे आणि अभिमान एकदमच वाहत होते.

तिथेच कल्पनाने मला घरातली खरी गोष्ट सांगितली. नानांचा ट्रक शहरातल्या गर्दीत तापायचा. मोकळ्या रस्त्यावर काही नाही. पण गर्दीत अडकून थांबत थांबत चालायची वेळ आली की तापमानाचा काटा लाल रेघेकडे चढायचा आणि गाडी बंद करावी लागायची. मागच्या मे महिन्यात धुळ्याच्या एका चौकात असंच झालं. नाना दोन तास उन्हात गाडीजवळ उभे राहिले आणि तिथेच चक्कर येऊन पडले. तीन दिवस दवाखान्यात होते. त्यांची एकुलती एक मुलगी वैशाली धुळ्यातच एका कार्यालयात नोकरी करते. निरोप तिला आला, उचलून तिनेच नेलं. तेव्हा तिने बापाकडून शब्द घेतला होता. गाडी पुन्हा एकदा चौकात बंद पडली तर विकून टाकायची. तिने गिऱ्हाईकही बघून ठेवलं होतं, जुन्या गाड्या तोडून सुटे भाग विकणारा माणूस.

"आणि नाना कबूल झाले?" मी विचारलं.

"लेकीपुढे काय बोलणार? तेव्हापासून धुळ्याचं भाडं शक्यतो घेत नाहीत. पण उद्याचं घेतलंय, नाइलाज आहे."

मला तीन दिवसांनी धुळ्याहूनच परतीची बस होती. आणि ट्रकच्या केबिनमध्ये बसायची हौस मला लहानपणापासून आहे. मी म्हटलं, मी नानांबरोबर जाते.

पारोळ्याचा रस्ता

ज्यांनी ट्रकमधून प्रवास केला नाही त्यांना सांगते, जग तिथूनच बघावं. कुंपणापलीकडचं सगळं दिसतं. कुणाच्या अंगणात काय वाळत घातलंय, कुणाचा बैल कुठे बसलाय, सगळं. मागे हिरव्या केळीचे घड, पुढे सप्तशृंगीच्या फोटोसमोर अगरबत्ती आणि शेजारी नाना. ते गियर बदलताना गाडीला हळूच काहीतरी म्हणत होते, ते मी ऐकलं नाही असं दाखवलं.

पारोळ्यापर्यंत काटा निम्म्याच्याही खाली होता. "बघा," नाना म्हणाले, "गाडी मन्ही म्हतारी शे, पन रस्तावर बठ्ठास्ना पुढे पयस." म्हणजे सगळ्यांच्या पुढे पळते.

मला राहवलं नाही. शिक्षकाला प्रश्न दिसला की उत्तर सांगितल्याशिवाय अन्न गोड लागत नाही. मी म्हटलं, "नाना, तुमचा थर्मोस्टॅट अडकत असणार. इंजिन तापलं की पाण्याला वाट मोकळी करून देणारं एक छोटं झाकण असतं, ते उघडत नसेल."

"दोनदा बदलेल शे, ताई."

"मग पाण्याचा पंप."

"तोबी बदला. टाकीनं झाकन, पाइप, पट्टा, बठ्ठं बदलं." त्यांनी समोरचं स्टिअरिंग थोपटलं. "मन्ह्या गाडीमा आते मी नि हाई चाक सोडीसन बठ्ठं नवं शे."

मी खिडकीबाहेर बघू लागले. पण हार मानली नाही. पुढे अर्धा तास मी मनातल्या मनात पुस्तकं चाळत होते आणि ज्या गोष्टीचा विचार करायला हवा होता ती सोडून बाकी सगळ्याचा विचार केला. रस्त्यावर गार आणि गर्दीत गरम, हे कोडं सातवीच्या पोराने सोडवलं असतं.

एका ढाब्यावर शेवभाजी खाल्ली. रश्श्यात बुडलेली जाड शेव आणि वर तेलाचा लाल तवंग. आदल्या दिवशीचा अनुभव लक्षात ठेवून मी सोबत दोन वाट्या दही मागवलं. ढाब्याचा मालक विचारत होता, ताई कुठल्या? मी सांगितलं, पुण्याच्या. कोल्हापूरचं नाव त्या दह्याला जोडणं मला बरं वाटलं नाही.

धुळे, सकाळचे साडेअकरा

धुळ्यात शिरलो आणि पहिली दहा मिनिटं बरी गेली. मग पुढे एक रिक्षा, तिच्यापुढे एसटी, एसटीपुढे कांद्याची गाडी आणि त्या सगळ्यांच्या मधून वाट काढणारे मोटारसायकलवाले, अशी रांग लागली. चार हात पुढे जायचं, थांबायचं. पुन्हा चार हात. मी काट्याकडे बघितलं. निम्मा. मग निम्म्याच्या वर. चौकात आलो तेव्हा तो लाल रेघेला टेकला होता आणि केबिनमध्ये गोडसर, कोंदट वाफेचा वास येऊ लागला.

"हाऊच चौक शे," नाना एवढंच म्हणाले आणि त्यांनी इंजिन बंद केलं.

मागून हॉर्नचा जो कल्लोळ उठला तो काय सांगावा. केळी कच्ची होती, नाहीतर मी तिथेच वाटून लोकांची तोंडं बंद केली असती. दोन मिनिटांत दहा माणसं गोळा झाली आणि सगळी मदतीला. खानदेशी माणूस शिव्या देत देत मदत करतो, हे माझं तिथलं निरीक्षण. एकाने तर बॉनेट उघडून थेट रेडिएटरच्या झाकणालाच हात घातला. मी वर्गातल्या आवाजात ओरडले, "हात काढ! भाजून मरशील!" तो तर मागे सरलाच, पण चौकातला वाहतूक पोलीसही दोन पावलं मागे सरला. मग सगळ्यांनी मिळून गाडी ढकलून कडेला लावली.

कुणीतरी ओळखीच्याने सांगितलं असावं, कारण थोड्याच वेळात वैशाली आली. तिशीतली, चष्मा, खांद्याला पिशवी. ती रागवेल म्हणून मी तयारीत होते. ती रागावली नाही. आधी बापाच्या कपाळाला हात लावून पाहिला, पाण्याची बाटली दिली, त्यांना सावलीत बसवलं. जानेवारीचं कोवळं ऊन होतं, तरी ती स्वतः उन्हाच्या बाजूला उभी राहिली. मग म्हणाली, "नाना, शनिवारी त्या माणसाला बोलावते."

नाना म्हणाले, "बोलाव."

खरं सांगते, मी त्या घरची कोणी नव्हते आणि मध्ये पडायचं मला काही कारण नव्हतं. पण मी म्हटलं, "वैशाली, आज गुरुवार आहे. मला उद्याचा दिवस दे."

"मावशी, तुम्ही काय करणार?"

"माहीत नाही. पण ती का तापते हे अजून कुणालाच कळलेलं नाही. पेपर न तपासता नापास करायचं, हे मला बघवत नाही."

तिने एकदा सावलीत बसलेल्या बापाकडे बघितलं. मग म्हणाली, "उद्या संध्याकाळपर्यंत. पण मी स्वतः गाडीत बसणार, याच चौकातून, ऑफिस सुटायच्या वेळी. काटा वर गेला तर विषय संपला."

बागूल मिस्त्री

गाडी निवल्यावर केळी हळूहळू बाजारात पोचली आणि मुक्काम वैशालीकडे झाला. शुक्रवारी सकाळी आम्ही हायवेच्या कडेला बागूल मिस्त्रींच्या गॅरेजात गेलो. वैशालीच्या ऑफिसातल्या शिपायाने त्यांचं नाव सुचवलं होतं. पन्नाशीचा बारीक माणूस, कानामागे पेन्सिल, भिंतीवर बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा फोटो, खाली ओळीने लावलेले पाने. आल्याबरोबर हे महाशय गाडीखाली शिरतील अशी माझी समजूत होती. त्यांनी चहा मागवला.

"पयतांना तापस का उभी ऱ्हायनी म्हनजे तापस?" त्यांनी नानांना विचारलं.

"उभी ऱ्हायनी म्हनजे. पयतांना काहीच नही. थर्मोस्टॅटबी दोनदा बदला."

"मग लोकांनी थर्मोस्टॅट का बदलला?" हे ते माझ्याकडे बघून म्हणाले. मी चहात बघितलं. "मॅडम, तो अडकला तर गाडी सगळीकडे तापेल. हायवेवर पण. हायवेवर वारा आपोआप समोरून घुसतो, रेडिएटर गार करतो. उभ्या गाडीला वारा कोण देणार?"

"पंखा," मी म्हणाले. आणि त्या क्षणी मला सातवीचा अख्खा वर्ग डोळ्यांपुढे दिसला.

"पण पंखा तर फिरतोय," नाना म्हणाले.

"फिरतोय ना. ओढतोय का ते बघू."

त्यांनी गाडी चालू करायला सांगितली आणि कालच्या वर्तमानपत्राचं एक पान माझ्या हातात दिलं. ट्रकच्या तोंडावरच्या जाळीवर ते धरायचं आणि सोडायचं. पंखा आतून हवा ओढत असेल तर कागद जाळीला चिकटून राहील. मी सोडलं. कागद एवढासा थरथरला आणि घसरून माझ्या पायावर पडला. तीनदा केलं, तिन्ही वेळा पडला.

मग त्यांनी अंगठ्याने पट्ट्याचा ताण पाहिला. बरोबर. पंख्याची पाती पाहिली. सरळ, पूर्ण. ते जरा थांबले, केबिनमध्ये चढले आणि देवीसमोरच्या पुड्यातली एक अगरबत्ती घेऊन आले. ती एका लांब सळईला बांधून पेटवली आणि चालू पंख्याच्या कडेशी, जपून, पातं लागणार नाही अशी धरली. धूर समोरून मागे जायला हवा होता. तो पात्यांच्या टोकांना वळसा घालून पुन्हा पुढे येत होता. तीच ती गरम हवा, पुन्हा पुन्हा. इतका सुंदर प्रयोग मी एकतीस वर्षांत वर्गात केला नाही, हे मला तिथे उभ्या उभ्या फार लागलं.

"पंखा आपलीच हवा घुसळतोय," मिस्त्री म्हणाले. गाडी बंद करून त्यांनी रेडिएटरच्या मागच्या चौकटीवरून बोट फिरवलं. चार कोपऱ्यांना चार रिकामी भोकं होती. "नाना, आठे काऊल व्हती ना? पंखाना भोवते पत्रानं कडं?"

"कोनतं कडं?"

"पंख्याची सगळी ओढ रेडिएटरवर पडावी म्हणून भोवती पत्रा असतो, मॅडम," ते मला समजावू लागले. "रेडिएटरकडून चौकोनी, पंख्याकडून गोल. चार कान..."

"चार कान, चार भोकं," मी म्हणाले. मी पिशवीतून मोबाइल काढला, परवाचा फोटो शोधला आणि त्यांच्यापुढे धरला. जाळ, धूर, हसणाऱ्या बायका आणि मधोमध दहा-बारा वांग्यांनी भरलेलं ते कडं.

मिस्त्रींनी तेलकट बोटांनी फोटो मोठा केला. त्यांच्या मिशा हलायला लागल्या. "हाईच," ते म्हणाले आणि मग खुर्ची धरून इतके हसले की शेजारचा टायरवाला काय झालं म्हणून बघायला आला.

नाना हसले नाहीत. ते फोटोकडे बघत राहिले. मग त्यांना हळूहळू आठवलं. दोन दिवाळ्यांपूर्वी रेडिएटर गळत होता, तो गावातल्याच माणसाकडून जोडून घेतला होता. तो म्हणाला, हा पत्रा खडखडतोय, नाही लावला तरी चालतं. नानांनी तो गोठ्यात टाकला आणि विसरले. गाडी तापायला लागली ती त्यानंतरच. आणि त्याच हिवाळ्यात अक्कांचं भरीत गावभर नावाजलं गेलं.

नानांनी घरी फोन लावला. अक्कांना सगळं सांगितलं. पलीकडून अक्का एवढंच म्हणाल्या, "लई येस," म्हणजे घेऊन येते.

एसटीने आलेलं कडं

तीन वाजता आम्ही स्टँडवर उभे होतो. पारोळ्याकडून आलेल्या एसटीतून आधी ते कडं उतरलं आणि मागून त्याला धरून अक्का. राखेने घासून घासून त्यांनी ते बाहेरून लखलखीत केलं होतं. आतला काळा थर मात्र निघाला नव्हता.

"मन्हं अर्धं तिकीट, नि हाइनं पुरं लिधं कंडक्टरनी," त्यांनी पहिली तक्रार केली. नाना कडं घेऊन पुढे चालू लागले, तशा अक्का माझ्या बरोबरीने आल्या. त्यांनी माझा हात धरला.

"ताई, तुमले एक सांगू? फोन ठेवावर मी त्या कडाजोडे जाईसन बसनू. मनमा इचार उना, सांगी देऊ, सापडत नही." त्या खाली बघत होत्या. "कडं नही सापडनं तर गाडी जाई, मानूस घर राही. मे महिनामा पडनात ना, तव्हयपासून माले झोप नही."

"मग आणलंत का?"

"दवाखानामाईन घर उनात नि आठ दिन घरमाच व्हतात. भित्तीकडे पाहत बसेत. चहा पिवो सांगं तर पीत, नही सांगं तर नही." त्यांनी पदराने नाक पुसलं. "तसा मानूस माले घरमा नको."

मी त्यांचा हात धरून गॅरेजपर्यंत चालत गेले.

कडं बसवायला पाऊण तास लागला. एक कान जाळाने वाकला होता, तो मिस्त्रींनी ठोकून सरळ केला. मग गाडी चालू केली आणि कागद पुन्हा माझ्या हातात दिला. मी तो जाळीजवळ नेला मात्र, हातातून सुटून चपकन जाळीला चिकटला. ओढला तरी निघेना. मी टाळ्या वाजवल्या. साठीच्या बाईने गॅरेजात टाळ्या वाजवणं शोभतं की नाही, हा विचार नंतर केला.

तोच चौक

साडेपाचला वैशाली ऑफिस सुटून आली. केबिनमध्ये आम्ही चौघं बसलो. नाना, त्यांच्या शेजारी वैशाली, मग अक्का आणि खिडकीशी मी. बसल्याबरोबर वैशालीने पिशवीतून रुमाल काढला आणि नानांपुढच्या काट्यावर टाकला.

"तुम्ही रस्त्याकडे बघा, नाना. काटा मी बघीन."

धुळ्याची संध्याकाळ कालच्या सकाळपेक्षा भारी होती. शाळा सुटलेल्या, बाजार भरलेला, रिक्षा तिरक्या घुसलेल्या. चार हात पुढे, थांब. दोन हात पुढे, थांब. नाना समोर बघत होते आणि मधूनमधून वैशाली रुमालाचं टोक उचलून बघायची आणि पुन्हा सोडायची. तिच्या तोंडावरून काहीही कळत नव्हतं. ही मुलगी ऑफिसात काय करते माहीत नाही, पण परीक्षेला पर्यवेक्षक म्हणून मी तिला डोळे मिटून नेमीन.

चौक आला. सिग्नल सुटला, लागला, पुन्हा सुटला, आम्ही तिथेच. मागे हॉर्न. अक्कांनी माझा हात इतका आवळला की बांगडी रुतली. मी वाफेच्या त्या गोडसर वासाची वाट बघत होते. आणि वास आलाच.

पण तो वाफेचा नव्हता. धुरकट, खमंग, जळक्या सालीचा. कड्याच्या आतला दोन हिवाळ्यांचा थर गरम हवेने तापला होता आणि सगळी केबिन त्या वासाने भरली होती. शेजारच्या मोटारसायकलवरचा माणूस मान वर करून इकडेतिकडे बघू लागला.

वैशालीने नाक वर केलं. "नाना," ती म्हणाली, "भरीत?"

कालपासून पहिल्यांदा तिचा आवाज लहान मुलीसारखा आला. नानांच्या खांद्याला हिसका बसला. ते हसत होते. वैशालीने रुमाल उचलला आणि घडी करून पिशवीत ठेवला. काटा निम्म्यावर होता, जरासुद्धा वर नाही.

चौक ओलांडल्यावर तिने फोन लावला आणि पलीकडच्या माणसाला सांगितलं, "शनिवारी येऊ नका. गाडी द्यायची नाही." मग फोन ठेवून बापाला म्हणाली, "पण उन्हाळ्यात बारा ते चार गाडी उभी. कुठेही असा, सावलीत. हा शब्द द्या."

"दिधा," नाना म्हणाले. मग गियर बदलताना त्यांनी गाडीलाही हळूच काहीतरी सांगितलं.

थोडं पुढे गेल्यावर अक्का म्हणाल्या, "ते बठ्ठं खरं. मंग आते मी भरीत कशामा भाजू?"

मी शनिवारी बसने कोल्हापूरला परतले. स्वेटर घालून बसले होते, आणि दुपारभर घामाघूम झाले. मागच्या आठवड्यात कल्पनाचा फोन आला. वैशाली आता दर रविवारी गावी येते. भरितासाठी नानांनी अक्कांना एका जुन्या चाकाची लोखंडी रिंग दिली आहे आणि ती उत्तम चालते. फक्त सकाळी गाडी काढायच्या आधी नाना पाणी बघतात, तेल बघतात, चाकांतली हवा बघतात आणि मग मळ्यात जाऊन, गाडीचं आणखी काही नाही ना म्हणून, अक्कांच्या चुलीभोवती एक फेरी मारून येतात.